हे मोजलं कोणी? पाठ्यपुस्तकं लिहिणाऱ्यांना खुलं पत्र

पाठ्यपुस्तकं लिहिणाऱ्या, तपासणाऱ्या आणि मंजूर करणाऱ्या सर्वांना,

स. न. वि. वि.

मी शाळेत विज्ञान शिकवते. ‘माणसाच्या शरीरपेशीत ४६ गुणसूत्रं असतात’ हे वाक्य मी फळ्यावर किती वेळा लिहिलं असेल याचा हिशेब नाही. मुलं ते वहीत उतरवतात, मी पुढे जाते. एका वर्षी मात्र एका मुलीने लिहिता लिहिता मान वर केली आणि विचारलं, “बाई, हे मोजलं कोणी?”

मी म्हटलं, “शास्त्रज्ञांनी.”

“कसं?”

“मायक्रोस्कोपखाली.”

“मग ती एकमेकांत गुंतलेली नसतात का? मोजताना चुकलं नाही कोणाचं?”

माझ्याकडे उत्तर नव्हतं. पुस्तक उघडून पाहिलं, त्यातही नव्हतं. त्या पानावर आकडा होता, ठळक अक्षरांत होता, आणि खाली प्रश्न होता: ‘माणसाच्या पेशीत किती गुणसूत्रं असतात?’ तिने विचारलेल्या प्रश्नाला त्या पानावर कुठेच जागा नव्हती. त्या दिवसापासून हे पत्र माझ्या डोक्यात आहे.

घरी जाऊन मी शोधत बसले. जे हाती लागलं ते तुम्हाला सांगते, कारण ती तुमच्याच कामाची गोष्ट आहे.

थिओफिलस पेंटर नावाच्या अमेरिकन जीवशास्त्रज्ञाने १९२० च्या सुमारास माणसाची गुणसूत्रं मोजायला घेतली. त्या काळी पेशींचे पातळ काप घेऊन रंगवत आणि त्यात गुणसूत्रं एकावर एक चढून बसलेली दिसत. १९२१ च्या पहिल्या टिपणात तो ४६ की ४८ असा अडखळला होता. १९२३ मध्ये त्याने ४८ वर शिक्का मारला. पुस्तकांनी ४८ उचलले, अडखळणं मात्र तिथेच राहिलं. पुढची तीसहून अधिक वर्षं जगभरच्या विद्यार्थ्यांनी ४८ पाठ केले. इतरांनी मोजले तेव्हाही ४८ च आले. किती यायला हवेत हे आधीच ठाऊक असलं की डोळेही तेवढेच शोधतात.

डिसेंबर १९५५ मध्ये स्वीडनमधल्या लुंड इथे जो-हिन चिओ नावाचा संशोधक नव्या रीतीने तयार केलेल्या पेशी पाहत होता. पेशी कमी क्षाराच्या पाण्यात ठेवली की फुगते आणि आतली गुणसूत्रं सुटी होऊन पसरतात. ही युक्ती काही वर्षांपूर्वी दुसऱ्या एका प्रयोगशाळेत द्रावण बनवताना झालेल्या चुकीतून सापडली होती. चिओला ४६ दिसली. पुन्हा पुन्हा ४६. त्याने आणि आल्बेर्ट लेवान यांनी १९५६ मध्ये ते छापलं. त्याच लेखात त्यांनी एक नोंद करून ठेवली आहे, ती वाचून मी बराच वेळ सुन्न बसले. त्यांच्याच सहकाऱ्यांनी त्याआधी माणसाच्या यकृताच्या पेशींवर काम सुरू केलं होतं आणि ते अर्ध्यात सोडून दिलं होतं. कारण काय, तर त्यांना ४८ सापडेनात. सापडत होती फक्त ४६.

बरोबर उत्तर त्यांच्या डोळ्यांसमोर होतं. पुस्तकावर विश्वास ठेवून त्यांनी स्वतःच्या डोळ्यांना खोटं पाडलं. ही माणसं आळशी नव्हती, अडाणी तर नव्हतीच. पेंटर कुठे अडखळला होता हे त्यांनी शिकताना वाचलं असतं, तर ‘इथे कच्चं आहे, पुन्हा पाहू’ असं एखाद्याला वाटलं असतं.

आणि हा काही दोन आकड्यांचा किरकोळ फरक नव्हता. तीनच वर्षांनी, १९५९ मध्ये, पॅरिसमध्ये मार्त गोतिए, रेमों तुर्पें आणि जेरोम लजन यांनी दाखवलं की डाउन सिंड्रोम असलेल्या मुलांच्या पेशींत ४७ गुणसूत्रं असतात, म्हणजे एक जास्त. जग तेव्हाही ४८ च धरून बसलं असतं, तर त्याच ४७ चा अर्थ ‘एक कमी’ असा लागला असता.

माझं म्हणणं एवढंच आहे. तुम्ही मुलांच्या हाती निष्कर्ष देता आणि तिथवर पोचण्याची वाट काढून टाकता. वाट काढून टाकली की उरतं ते ज्ञान नसतं, फक्त खरं निघालेलं वाक्य असतं. तेही बहुतेक वेळा.

हा भेद मी शोधलेला नाही. सॉक्रेटिसच्या तोंडी प्लेटोने एक प्रश्न घातला आहे. लारिसा गावाला जायचा रस्ता एकाला पक्का ठाऊक आहे. दुसरा तिथे कधी गेलेला नाही, पण त्याचा अंदाज बरोबर आहे. दोघांच्याही मागून गेलात तरी लारिसाला पोचताच. मग ज्ञानाची किंमत अंदाजाहून जास्त का मानायची? सॉक्रेटिसचं उत्तर असं की खरी मतं चांगलीच असतात, पण ती पळून जातात. कारणाच्या दोरीने बांधली तरच टिकतात.

आठव्या शतकातल्या धर्मोत्तर या बौद्ध तत्त्वज्ञाने याहून बारीक उदाहरण दिलं आहे. मांस भाजायला नुकताच विस्तव पेटवला आहे, धूर अजून निघालेला नाही, पण वर किड्यांचा थवा घोंघावतो आहे. दुरून पाहणाऱ्याला तो थवा धूर वाटतो आणि तो म्हणतो, तिथे विस्तव आहे. विस्तव आहेच. त्याचं वाक्य खरं आहे, त्याने कारणही दिलं आहे, तरी त्याला विस्तवाचं ज्ञान झालं असं म्हणता येईल का? एडमंड गेटियर या अमेरिकन तत्त्वज्ञाने १९६३ मध्ये जेमतेम तीन पानांच्या लेखात हीच अडचण नव्याने मांडली आणि पाश्चात्त्य तत्त्वज्ञान आजही ती सोडवतं आहे. धर्मोत्तर त्याच्या सुमारे बाराशे वर्षं आधीचा. आपली मुलं परीक्षेत ‘विस्तव’ असं लिहितात आणि आपण पूर्ण गुण देतो. त्यांनी धूर पाहिला की किडे, हे आपण विचारतच नाही.

‘मतं पळून जातात’ हे वाक्य मला आधी अलंकारिक वाटायचं. स्कर्व्हीचा इतिहास वाचल्यावर ते जसंच्या तसं खरं वाटू लागलं. ही गोष्ट थोडी सविस्तर सांगते, कारण तुमच्या पुस्तकात ती एका ओळीत उरकलेली असते: ‘क जीवनसत्त्वाच्या अभावामुळे स्कर्व्ही होतो.’

लांबच्या समुद्रप्रवासात खलाशांच्या हिरड्या सुजत, दात हलत, जुन्या जखमा उघड्या पडत आणि माणसं मरत. १७४७ च्या मे महिन्यात ‘सॅलिस्बरी’ या ब्रिटिश युद्धनौकेवर जेम्स लिंड या डॉक्टरने बारा आजारी खलाशी निवडले. जमेल तितकी सारख्या अवस्थेतली माणसं, एकाच जागी ठेवलेली, एकच जेवण घेणारी. त्यांच्या सहा जोड्या केल्या. एका जोडीला सफरचंदाचं मद्य, एकीला पाण्यात मिसळलेलं गंधकाम्ल, एकीला व्हिनेगर, एकीला समुद्राचं पाणी, एकीला लसूण-मोहरीची गोळी, आणि एका जोडीला रोज दोन संत्री आणि एक लिंबू. सहा दिवसांत फळं संपली. तोवर त्या जोडीतला एकजण कामावर जाण्याइतका बरा झाला होता.

इतका लख्ख पुरावा! पण १७५३ मध्ये लिंडने ग्रंथ लिहिला तेव्हा स्कर्व्हीचं कारण म्हणून त्याने घामाची छिद्रं बुजण्याची उपपत्ती मांडली, आणि लिंबाचा रस टिकावा म्हणून तो तापवून आटवायची कृती दिली. तापवल्याने त्यातला गुण जातो हे त्याला कळायला मार्ग नव्हता. नौदलाने लिंबाचा रस सगळ्यांना द्यायचं ठरवलं ते १७९५ मध्ये, म्हणजे त्या प्रयोगानंतर जवळजवळ अर्धं शतक उलटल्यावर. त्यानंतर स्कर्व्ही ओसरला. इथे गोष्ट संपायला हवी होती.

पण नौदलापाशी होता तो फक्त निष्कर्ष: लिंबाने स्कर्व्ही जातो. का जातो, हे कोणालाच ठाऊक नव्हतं. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यानंतर भूमध्य समुद्राकडच्या मोठ्या पिवळ्या लिंबांऐवजी वेस्ट इंडीजमधली छोटी हिरवी लिंबं घ्यायला सुरुवात झाली. इंग्रजीतही तेव्हा दोन्ही नावं सैलपणे एकमेकांच्या जागी वापरली जात, त्यामुळे काही बदललं असं कोणाला वाटलं नाही. हिरव्या लिंबात तो गुण कितीतरी कमी, आणि साठवून ठेवलेल्या रसात आणखी कमी. तरी बरीच वर्षं काही बिघडलं नाही, कारण वाफेच्या जहाजांनी प्रवासच छोटे झाले होते. रस निकामी झाला होता आणि त्याची परीक्षा घेणारा लांबचा प्रवास उरला नव्हता.

१८७५ मध्ये ब्रिटिशांची मोहीम उत्तर ध्रुवाकडे निघाली तेव्हा ती परीक्षा झाली. मोहिमेत स्कर्व्ही पसरला. मग लोकांनी काय अनुमान काढावं? लिंबावरचा जुना विश्वासच भाबडा होता, असं! डबाबंद मांस नासून त्यात विष तयार होतं आणि त्यानेच हा रोग होतो, ही नवी उपपत्ती मान्य झाली. रॉबर्ट स्कॉट या ब्रिटिश नौदल अधिकाऱ्याची १९०१ ते १९०४ ची दक्षिण ध्रुवाची मोहीम याच समजुतीवर गेली आणि तिथेही स्कर्व्ही झाला. सीलचं ताजं मांस खाल्ल्यावर माणसं बरी झाली, तर त्याचा अर्थ ‘डब्यातलं मांस खराब होतं’ असा लावला गेला. दीडशे वर्षांपूर्वी एका डॉक्टरने बारा माणसांवर दाखवलेली गोष्ट माणसाच्या हातून निसटली होती. ग्रंथ जळले नव्हते, राज्य बुडालं नव्हतं. वाक्य छापलेलं होतं. फक्त दोरी नव्हती.

दोरी सापडली १९०७ मध्ये नॉर्वेत, तीही दुसऱ्याच शोधात. ॲक्सेल होल्स्ट आणि थिओडोर फ्रोलिख खलाशांच्या बेरीबेरीचा अभ्यास करत होते. त्यांनी गिनिपिगांना नुसत्या धान्यावर ठेवलं, तर त्यांना चक्क स्कर्व्ही झाला. बहुतेक प्राणी हे जीवनसत्त्व स्वतःच्या शरीरात तयार करतात, गिनिपिग आणि माणूस करत नाहीत. उंदरांवर प्रयोग केला असता तर काहीच दिसलं नसतं. १९३२ पर्यंत तो पदार्थ कोणता हे नक्की झालं आणि १९३७ मध्ये आल्बर्ट सेंट-जॉर्जी यांना नोबेल मिळालं. ‘क जीवनसत्त्वाच्या अभावामुळे’ या दोन-तीन शब्दांत १७४७ ते १९३२ एवढा काळ दाबून भरला आहे. तो मुलांना दिसतच नाही.

आता तुम्ही म्हणाल, प्रत्येक गोष्ट काही प्रत्येकाला स्वतः तपासता येत नाही. हे अगदी खरं आहे आणि मी त्याच्या विरोधात नाही. मला माझी जन्मतारीखसुद्धा दुसऱ्याने सांगितली म्हणूनच ठाऊक आहे. आपल्या जुन्या दर्शनकारांनी ज्ञानाची साधनं, म्हणजे प्रमाणं, किती, यावर शतकानुशतकं वाद घातला. चार्वाक फक्त प्रत्यक्ष, म्हणजे स्वतः पाहिलेलं-अनुभवलेलं, मानत. बौद्ध आणि वैशेषिक प्रत्यक्ष आणि अनुमान, सांख्य तीन, नैयायिक म्हणजे न्यायदर्शन मानणारे चार, तर भाट्ट मीमांसक आणि अद्वैती सहा. या यादीत नैयायिकांनी ‘शब्द’ हे स्वतंत्र प्रमाण मानलं, म्हणजे विश्वासू माणसाने सांगितलेलं. पुस्तकातलं जवळजवळ सगळं मुलांसाठी शब्दप्रमाणच असतं. म्हणून तर तुमची जबाबदारी मोठी.

कोणाचा शब्द प्रमाण मानायचा? न्यायसूत्र सांगतं, आप्ताचा. आणि आप्त कोण, हे भाष्यकार वात्स्यायनाने सुमारे दीड हजार वर्षांपूर्वी स्पष्ट केलं आहे: ज्याने ती गोष्ट स्वतः नीट जाणली आहे आणि जशी जाणली तशीच सांगण्याची ज्याची इच्छा आहे, तो. पुढे तो म्हणतो, हे लक्षण ऋषी, आर्य आणि म्लेच्छ या सगळ्यांना सारखंच लागू आहे. हे वाचलं तेव्हा मला भरून आलं. पद नाही, कूळ नाही, छापील असणं नाही. त्याला कसं कळलं आणि तो जसंच्या तसं सांगतो आहे का, एवढंच. म्हणजे शब्दावर विश्वास ठेवायचा तरी ‘कसं कळलं’ हा प्रश्न सुटत नाही. ‘मोजलं कोणी’ असं विचारणारी मुलगी उद्धटपणा करत नव्हती. ती आप्त शोधत होती.

रॉयल सोसायटी ही इंग्लंडमधली शास्त्रज्ञांची संस्था १६६० मध्ये स्थापन झाली. तिचं ब्रीद आहे, कोणाच्याही शब्दावर विसंबू नका. ते नैयायिकांच्या उलट वाटतं, पण तसं नाही. तिच्या संस्थापकांपैकी एक असलेल्या रॉबर्ट बॉईलने हवेच्या पंपाचे प्रयोग लिहिले ते इतक्या तपशिलात, की वाचणाऱ्याला आपण तिथे उभे आहोत असं वाटावं. फसलेल्या प्रयोगांबद्दलही त्याने लिहिलं. तोही शब्दच होता. मात्र कुठे बोट ठेवून तपासायचं हे सांगणारा शब्द होता.

आणि प्रत्यक्ष तरी इतकं सरळ कुठे आहे? जन्मांध माणसाला गोल आणि घन स्पर्शाने ओळखता येतात. त्याला अचानक दिसू लागलं, तर हात न लावता नुसतं पाहून तो ते ओळखेल का? विल्यम मॉलिन्यू यांनी हा प्रश्न १६८८ मध्ये विचारला. जन्मापासून न दिसणाऱ्या आणि शस्त्रक्रियेनंतर दृष्टी आलेल्या भारतातल्या पाच मुलांबरोबर झालेल्या अभ्यासातून २०११ मध्ये उत्तर आलं: लगेच नाही ओळखता येत, पण थोड्याच दिवसांत येऊ लागतं. एवढ्या साध्या प्रश्नाला तीनशेहून अधिक वर्षं थांबावं लागलं. वर्गात हे सांगितलं तेव्हा मुलं डोळे मिटून एकमेकांच्या हातातल्या वस्तू चाचपू लागली.

तुमचे आक्षेप मला ठाऊक आहेत. प्रशिक्षणांत मी ते ऐकले आहेत. पहिला, पानं कुठून आणायची? माझं उत्तर सरळ आहे, निष्कर्ष कमी करा. पंचवीस ओळी पाठ करून वर्षअखेर विसरण्यापेक्षा पाच गोष्टी मुळापासून कळलेल्या बऱ्या. आणि वाट सांगायला नेहमीच पानंच्या पानं लागत नाहीत. ‘पृथ्वीचा परीघ सुमारे ४०,००० किलोमीटर’ असं छापता, त्याच्याखाली चार ओळी घाला. इजिप्तमध्ये सायीनी इथे उन्हाळ्यातल्या सर्वांत मोठ्या दिवशी भर दुपारी सूर्य डोक्यावर येतो, सावली पडत नाही. त्याच वेळी उत्तरेला अलेक्झांड्रियात सावली पडते आणि तिचा कोन वर्तुळाचा पन्नासावा भाग भरतो. म्हणून दोन गावांतलं अंतर गुणिले पन्नास. इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात एराटोस्थेनिस या ग्रीक विद्वानाने एवढंच केलं. अंतर मोजण्यात चूक असेल तर उत्तर चुकेल, हेही मुलांना तिथल्या तिथे दिसतं.

दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे. शास्त्रज्ञ चुकले हे शिकवलं तर मुलं कशावरच विश्वास ठेवणार नाहीत, आधीच अफवांचा सुळसुळाट आहे. मला याच्या नेमकं उलट दिसतं. ज्याला फक्त निष्कर्ष मिळाले आहेत, त्याच्यासमोर उद्या कोणी वेगळा निष्कर्ष ठेवला तर त्याने निवड कशाच्या जोरावर करायची? हेही छापलेलं, तेही छापलेलं. हेही आत्मविश्वासाने सांगितलेलं, तेही. आता तर बोट टेकवलं की कुठल्याही प्रश्नाला घोटीव उत्तर समोर येतं, आणि ते कुठून आलं हे विचारायची सवय आपण लावलेलीच नाही. ४८ चे ४६ कसे झाले हे ज्याने शिकलं आहे, त्याला ‘शास्त्रज्ञ मतं बदलतात’ याची भीती वाटत नाही. मत नवी पेशी पाहून बदललं की कोणाच्या सोयीसाठी, हे तो विचारतो.

माझी मागणी छोटी आहे. प्रत्येक प्रकरणात किमान एका ठळक वाक्याखाली ते कोणी, कसं, कशाने मोजलं ते लिहा. कुठे अडखळले तेही लिहा. जे अजून कळलेलं नाही ते ‘कळलेलं नाही’ म्हणून छापा. आणि परीक्षेत एक तरी प्रश्न असा ठेवा ज्याची सुरुवात ‘किती’ ऐवजी ‘कशावरून’ अशी असेल.

त्या मुलीला मी उत्तर दिलं ते आठवड्याभराने. पसरलेल्या गुणसूत्रांचं एक मोठं छायाचित्र छापून वर्गात नेलं, वेड्यावाकड्या काड्या विखुरलेल्या असतात तसं. आकडा सांगितला नाही. ती पेन्सिलीचं टोक एकेकावर टेकवत मोजत गेली आणि ४५ वर थांबली. शेजारणीचे ४७ आले. दोघी भांडल्या, पुन्हा मोजलं. मग तिने एका कोपऱ्यावर बोट ठेवलं. “बाई, इथे दोन एकमेकांवर आहेत की एकच वाकलेलं आहे?” मी चित्र खिडकीपाशी नेलं, उजेडात धरलं, डोळ्यांजवळ आणलं. मला नक्की सांगता येईना. घंटा वाजून गेली होती. आम्ही तिघी पुन्हा पहिल्यापासून मोजू लागलो.

कळावे,

आपली नम्र,
एक शिक्षिका